पिवळीची लाल दवाई

कोंबड्यायची जात लय बेकार, बाप्पा! बाकीच्यायनं टोचून टोचून माह्या पिवळीची पाठ रक्तबंबाळ केलती. म्या मोठ्या मायेनं जखमेले लाल दवाई लावली आन तिले परत कोंबड्यायत सोडलं. लाल दिसल्याबरोबर साऱ्या पुन्हा तुटून पडल्या!

शेजारच्या बंजारा म्हातारीले आमी सारे याडी, म्हणजे माय म्हणतो. ते ओरडली, "काहून रे, मारतं का तिले? लाल दिसलं का टोचतातच त्या!"

तिनं तव्याची काजळी तेलात कालवून जखमेवर फासली, आन पिवळीले आठ दिवस आपल्या घरी टोपल्याखाली ठेवलं.

पिवळी वाचली. आता राह्यते माह्या घरी, पण अंडं याडीच्या घरी जाऊन देते.

काल याडी अंडं घेऊन आली. म्हटलं, "राहू दे याडी. कोणाच्या घरी द्याचं, ते तिले बरोबर समजते."