मागं कुणीतरी उभं पाहिजे

नाही नाही, बसा ना भाऊ, बाकडं काही माझ्या नावावर नाहीये — फोनवर तुमचं मराठी ऐकलं आणि म्हटलं, चला, मानेसरच्या या धुळीत आपलं माणूस भेटलं! तुमचं कोण शिकतंय इथं? पुतण्या? विष्णू — अच्छा, तो निळ्या टी-शर्टवाला. चहा घ्या. मी धम्मपाल, मूळचा अकोल्याचा, पण जन्मभर इथं दिल्लीतच केंद्र सरकारच्या नोकरीत होतो, आता रिटायर. छे हो, मला कुठला ट्रक चालवायचाय! मी आपला येतो... पेपर वाचायला. हो, नोएडाहून. पेपर तिथंही मिळतो, बरोबर आहे तुमचं.

पण एक सांगतो — ड्रायव्हिंग स्कूल निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ट्रक शिकवणाऱ्या इथल्या सगळ्या शाळा पालथ्या घातल्या मी. एक आमच्या नोएडातलीच — एसी वर्ग, खोटा ट्रक, म्हणजे टीव्हीसमोर बसून चालवायचा तो, आणि शिकवायला सुनीती मॅडम म्हणून एक बाई, इतकी समजावून सांगते की मलाच वाटलं आपण ॲडमिशन घ्यावी. म्हटलं, ही बाद! दुसरी गाझियाबादकडची — तिथला माणूस म्हणतो, "अंकलजी, आने की भी ज़रूरत नहीं, लाइसेंस घर पहुँच जाएगा." तीही बाद — ती तर सगळ्यात घातक, तिथं नापास व्हायची सोयच नाही! आणि मग ही सापडली. बघा ना — सावली नाही, बायकांनी बाथरूमला जायचं तर पलीकडच्या पेट्रोल पंपावर, ट्रक असला जुना की पॉवर स्टीअरिंग नाही, क्लच दाबायला सीटवरून अर्धं उठावं लागतं, आणि वर शिकवायला हा उस्ताद! मी चौकशीला आलो त्या दिवशी एक चांगला दांडगा माणूस याच्या शिव्या खाऊन चप्पल न घालताच निघून गेला. म्हटलं, हीच. बिल्कुल हीच!

कुणासाठी म्हणजे? मुलीसाठी. माझ्या. उन्नती — ती काय, रांगेत उभी आहे, ओढणी कमरेला बांधलेली. असं बघू नका हो माझ्याकडे. आधी ऐका. एम.ए. झालेली मुलगी, गुरुग्रामला मालवाहतुकीच्या कंपनीत बसून कुठला ट्रक कुठं पोचला ते कॉम्प्युटरवर बघायची. आणि एक दिवस जेवताना म्हणते, पप्पा, स्क्रीनवरचे ठिपके बघून कंटाळा आला, मला आता ठिपक्यात बसायचंय. घास हातातच राहिला माझा! नाही म्हणायचं होतं ना मग? म्हणता येत नाही, तीच तर भानगड आहे. आमचे बाबा, बाबुराव — जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, सही शिकले तेही म्हातारपणी — पण घरात त्यांचा एक कायदा होता. पोरानं पुस्तक उघडलं की त्याला उठवायचं नाही. पाणी भरायला नाही, पाहुणा आला तरी नाही. शिकतो म्हणणाऱ्याला आमच्या घरात आजवर कुणी 'नको' म्हटलेलं नाही. आणि ही बया रस्त्यावरच्या खुणांचं पुस्तक उघडून डायनिंग टेबलावर बसली! आमच्या प्रभावतीबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, लगेच टीव्हीचा आवाज बंद केला. बोला, आता कोणत्या तोंडानं उठवू?

मग मी ऑफिसची पद्धत काढली. आमच्याकडे प्रस्ताव नाकारत नाहीत, भाऊ. 'कृपया चर्चा करावी' असं लिहून अशा टेबलाकडे पाठवतात, की तिथं तो आपोआप गार पडतो. तर उन्नतीची फाइल मी या टेबलावर पाठवली. म्हटलं, बेटा, सगळ्या शाळा बघून आलो, ही बेस्ट! आणि उस्तादला बाजूला घेऊन — आता तुम्हाला सांगायला काय हरकत आहे — सांगितलं, लडकी समझके नरमी मत करना. तो म्हणाला, नरमी? वो क्या होती है?

आठवडाभरात येईल रडत, असा माझा हिशेब. आली घरी, तळहाताला फोड घेऊन. प्रभावतीनं हळद लावली, आणि मी — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी फोडावर जुन्या साडीची चिंधी गुंडाळून निघाली! उस्ताद ओरडायचा, "मैडम, गड्डी सै, स्कूटी ना सै!" — म्हणजे गाडी आहे ही, स्कूटी नाही. ही म्हणायची, जी उस्ताद, फिर से. हळूहळू तो ओरडायचाच बंद झाला. आता म्हणतो, या खटाऱ्यावर हात बसला तर नवी गाडी बोटानं चालवेल. म्हणजे बघा — मी खरोखरच बेस्ट शाळा निवडली, यार! इतक्या वर्षांच्या नोकरीत एक काम नीट झालं, तेही नको असलेलं.

सोसायटीत काय सांगतो? लॉजिस्टिक्समध्ये आहे म्हणून सांगतो. खोटं थोडंच आहे? पण लाज म्हणाल तर ती थोडी. बाबांनी गाठी उचलल्या, मी खुर्चीत बसलो, पुढचं पाऊल ट्रकमध्ये कसं पडलं, ते काही कळत नाही. आणि भीती खूप वाटते. जयपूर हायवेवर ती एकटी असेल, फोन लागणार नाही, आणि मी घरी गॅलरीत उभा... जाऊ द्या.

आज उस्ताद परीक्षा घेतोय. त्या दोन ड्रमांच्या मधून ट्रक मागं आणायचा, अगदी आपल्या या बाकड्यापर्यंत. जमलं, तर तो आरटीओच्या टेस्टला पाठवणार. यात एक नियम आहे त्याचा — मागं कुणीतरी उभं पाहिजे, "आने दे, आने दे" ओरडायला. आवाज थांबला की गाडी थांबली पाहिजे. दोनदा थांबली की नापास. काल मनात आलं, आपणच जाऊन उभं राहावं मागं, आणि गप्प बसावं. फाइल दाबून ठेवतात तसं.

तिला? नाही, तिला माहीत नाही मी येतो ते. पेपर असतो ना तोंडासमोर. बघा, चढली. हां, डावीकडे काप — डावीकडे गं — आता सोड, सोड... काय? मी कुठं काय बोललो? तुमचा विष्णू कुठाय, मागं तो उभा राहणार होता ना? पाणी प्यायला आत्ताच जायचं होतं त्याला?

थांबवली. का थांबवली? डोकं बाहेर काढतेय... इकडंच बघतेय.

ऐकलंत? म्हणाली, पप्पा, पेपर ठेवा आणि मागं उभे राहा.

आरसा. एवढा मोठा आरसा असतो हो ट्रकला. रोज दिसत असणार मी तिला...

...

हो गं! आलो! येऊ दे! ...येऊ दे, येऊ दे — उजवीकडे जागा आहे, बिनधास्त येऊ दे — अहो भाऊ, बसलात काय, ते बाकडं उचला आणि बाजूला व्हा, मला मागचं चाक दिसत नाहीये!