लोकरीच्या वन्सं

नाही, पण न टोचता ते होणारच कसं, तुम्हीच सांगा! जो भेटतो तो मलाच विचारतो, 'अहो, पण तुम्ही टोचलंतच का?' अरे, टोचलंत का म्हणजे? फेल्टिंग म्हणतात त्याला! लोकर घ्यायची, विणायची असते ती नव्हे, ती दोऱ्याची, ही मोकळी, पिंजलेल्या कापसासारखी. आणि एक सुई असते, तिला बारीक बारीक खाचा असतात. खाली जाड स्पंज ठेवायचा आणि त्या लोकरीच्या गोळ्याला टोचायचं, टोच टोच टोचायचं. जितकं टोचाल तितकी ती लोकर आतल्या आत गुंतते, आवळते, घट्ट होते, आणि मग त्यातून कान येतो, नाक येतं, हनुवटी येते... तर मी आपली टोचत होते. आता त्या गोळ्यातून वन्सं बाहेर यायला लागल्या, त्यात माझा काय दोष? हातात कला आहे, त्याला मी काय करू?

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ह्यांची मोठी बहीण. आमच्या घरात वन्संचा शब्द शेवटचा. भिंतीला रंग कुठला, वन्संना विचारा. मुलीचं कॉलेज कुठलं, वन्संना विचारा. आमचे हे इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, हाताखाली शंभर माणसं होती म्हणे, पण बहिणीचा फोन आला की उभं राहून बोलतात. आणि वन्संच्या तोंडून, तुम्हाला सांगते, माझं लग्न झाल्यापासून एक शब्द मी ऐकलेला नाही. 'छान'! बाकी सगळे शब्द येतात हो त्यांना. 'बरं आहे' येतं, 'चालेल' येतं, 'असू दे, असू दे' तर हमखास येतं. पण 'छान'? छे! शेजारणीच्या कुत्र्याला छान म्हणतील, मला नाही.

बरं, मी काय कमी केलं का? आधी विणकाम केलं. ह्यांच्यासाठी स्वेटर विणला, सबंध हिवाळा बसून. आता एक बाही जरा लांब झाली, म्हणजे टीव्हीवर शेवटचा भाग चालला होता, रंगात आलं होतं, हात थांबेनात, झाली लांब. होते माणसाकडून. सगळे म्हणाले, अगं किती सुंदर वीण, काय ती नक्षी! आणि वन्सं आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. ह्यांच्याभोवती एक फेरी मारली. आणि म्हणतात कशा, 'बाळ्या, एक हात वर करून उभा राहा बरं. हां, आता दोन्ही बाह्या सारख्या दिसतात.' आणि हे राहिले हो उभे! सगळ्यांसमोर! सत्तावन्न वर्षांचा बाळ्या, एक हात वर करून!

मग मी चित्रकला काढली. काढली म्हणजे काय, होतीच हातात, बाहेर काढली. कॅनव्हास आणला, रंग आणले, खिडकीपाशी बसून फुलदाणी रंगवली. निळी फुलदाणी, आत पिवळी फुलं, मागे पडदा. रंगवताना काय सुख लागतं सांगू! ब्रश एकदा ओला झाला की गॅसवर दूध आहे का भाजी आहे, काही सुचत नाही. दूध गेलं तीनदा उतू. जाऊ दे! चित्र झालं, दिवाणखान्यात लावलं. वन्सं आल्या, बघितलं, मागे सरकून बघितलं, आणि अगदी काळजीनं विचारतात, 'सिलिंडर का गं काढलास?' सिलिंडर! आणि हे तिथेच उभे, जवळ जाऊन बघतात आणि म्हणतात, 'हो की. रेग्युलेटर कुठाय?' आता गंमत बघा, त्या दिवसापासून मलाही त्यात सिलिंडरच दिसतो. किती वेळा डोळे चोळून बघितलं, फुलदाणी गेली ती गेलीच.

पण मी हार मानणारी नाही. अहो, सकाळी उठल्याबरोबर ज्या बाईला हात शिवशिवतात, ती कुणाच्या बोलण्यानं थांबेल का? हातात कला आहे, त्याला मी काय करू?

तर मुलीनं आणून दिला फेल्टिंगचा डबा. म्हणाली, 'आई, यात माप चुकायची भानगड नाही. जाड झालं तर अजून टोचायचं, बारीक झालं तर वर लोकर चढवायची.' म्हटलं, हे माझ्यासाठीच निघालंय! आधी चिमणी केली, मग मांजर केलं, मग ह्यांचं डोकं केलं, ते आता पिना खोचायला वापरते. हात बसला. आणि एक दिवस भाजी निवडता निवडता डोक्यात आलं... वन्संचा साठावा वाढदिवस येतोय. हॉल ठरलाय, सगळं गोत गोळा होणार. त्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, वन्संच्या हातात वन्संच ठेवायच्या! हुबेहूब! चष्मा, अंबाडा, काखेत ती पर्स, ते नाक! मग बघू, कशी म्हणत नाही बाई छान. म्हणावंच लागेल! स्वतःला कोण सिलिंडर म्हणणार?

बसले मी. जेवायच्या टेबलावर स्पंज, लोकर, सुया. हे बिचारे मांडीवर ताट घेऊन जेवायचे. 'आमटीत लोकर आहे,' म्हणायचे. म्हटलं, बाजूला काढा, मासा खाताना काटा काढता ना? नाकाला तर इतके दिवस लागले म्हणून सांगू! वन्संचं नाक म्हणजे साधं नाक नव्हे. ते आधी सरळ येतं, मग विचार करतं, मग खाली वळतं. तो विचार लोकरीत आणायचा म्हणजे चेष्टा आहे का? पण आणला. ह्यांना बोलावून दाखवलं, तर हे दचकून ताठ उभेच राहिले. म्हटलं, झालं! जमलं!

राहता राहिली कंबर. आता वन्संचा बांधा तुम्हाला माहीत नाही... भरदार आहे. पण भेटवस्तू द्यायची, तर जरा हात राखून, जरा बारीक करू या म्हटलं, बाईला बरं वाटेल. आणि फेल्टिंगमध्ये बारीक करायचं म्हणजे काय? टोचायचं! सकाळी उठून कंबर टोच, चहा घेऊन कंबर टोच, मालिका बघत कंबर टोच. मी आपली टोचतेय, आणि ह्यांचा फोन वाजला. हे उठून उभे राहिले, म्हणजे कळलंच कोणाचा. स्पीकरवर घेतला. 'बाळ्या... बाळ्या रे... कंबर गेली माझी. दोन दिवस झाले. काय सांगू, नुसतं टोचतंय. कोणीतरी सुई खुपसतंय, काढतंय, खुपसतंय, काढतंय...'

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुईकडे पाहिलं. सुई वन्संच्या कमरेत.

फोन ठेवला आणि हे जे माझ्यावर धावून आले! 'थांब! आधी ती सुई खाली ठेव!' म्हटलं, अहो, तुम्ही सायन्स शिकलेला माणूस! योगायोग असतो! 'योगायोग? ताई म्हणाली खुपसतंय, काढतंय! तू काय करत होतीस?' म्हटलं, खुपसत होते, काढत होते, पण लोकरीत! 'लोकरीत कोण होतं?' म्हटलं, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका. मी कुणावर करणी करणारी बाई दिसते का तुम्हाला? तर पंख्याकडे बघायला लागले. 'नाही' म्हणायला काय जात होतं? पण म्हणाले नाहीत!

खरं सांगू? मीही जराशी चरकले. जराशीच हां. म्हटलं, आता चार दिवस कंबर नको, पर्स करू. सुई तशीच कमरेत खोचून ठेवली, कारण काढून ठेवली की हरवते आणि मग ती ह्यांनाच सापडते, बसल्यावर. आणि मी आत जाऊन चहा ठेवला, एवढ्यात बेल!

वन्सं! न कळवता! आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे आल्या होत्या, तिथे गर्दी म्हणून आमच्याकडे. आणि अशा आल्या, अशा... काटकोनात! मान जमिनीकडे, एक हात भिंतीला, एक हात कमरेवर. आल्या त्या ओरडतच. 'अगं आई गं, मला कुठेतरी टेकू दे गं!' आणि टेबलावर, समोरच, दिमाखात उभ्या दुसऱ्या वन्सं, कमरेत सुई! ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, लपवा! कुठेही लपवा! आता टेबलाला खण आहे, शेजारी कपाट आहे, मागे अख्खं स्वयंपाकघर आहे. ह्या माणसानं बाहुली उचलली आणि कुठे कोंबावी? सोफ्याच्या उशीखाली! आणि बहिणीचा हात धरून म्हणतात, 'ये ताई, बस.'

कुठे बसल्या असतील?

मी 'वन्सं, थांबा!' म्हणेपर्यंत त्या टेकल्या. आणि टेकल्या तशा उडाल्या! अहो, साठीची बाई, दोन दिवस सरळ न झालेली बाई, 'आयाया गं' करून वीतभर उंच उडाली, आणि वरच्या वर कमरेत आवाज झाला, कट्ट! मी ऐकला, ह्यांनी ऐकला. जमिनीवर आल्या त्या ताठ! सरळ! फूटपट्टीसारख्या! आत चहा उकळून गॅसवर सांडतोय, त्याचा फक्त आवाज.

मग वन्संनी उशी उचलली. खाली त्या स्वतः. जरा चपट्या झालेल्या, अंबाडा कलंडलेला, पण चेहरा... चेहरा अगदी तसाच! आणि कमरेत सुई. त्यांनी बाहुली उचलली. नाकाजवळ नेली. तिचं नाक आणि वन्संचं नाक समोरासमोर. म्हटलं, संपलं. तीस वर्षांचं नातं आज ह्या लोकरीपायी संपलं, आता गोतभर बोभाटा होणार की ही बाई नणंदेची बाहुली करून सुया टोचते. हे तर पडद्यामागे उभे राहिले. इंजिनियर!

वन्संनी विचारलं, 'ही मी?'

म्हटलं, 'हो.' लपवायचं काय? 'तुमच्या वाढदिवसाला करत होते. किती दिवस बसलेय, ह्यांना विचारा. ते नाक बघा, मी ते नाक कितीदा मोडून पुन्हा केलंय. तुम्ही कधी चांगलं म्हणत नाही ना मला, म्हणून जीव ओतून केलंय.' एवढं बोलले आणि पदरच डोळ्यांना लावला हो. आता मी रडणारी बाई नाही, पण लावला, काय करू.

वन्संनी कमरेवर हात ठेवला. डावीकडे वळून बघितलं. उजवीकडे वळून बघितलं. खाली वाकल्या, वर आल्या. आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, 'काय छान...'

मी श्वास रोखला. इतकी वर्षं थांबले होते त्या शब्दासाठी!

'काय छान वाटतंय गं कमरेला!'

कमरेला! नाकाचं नाव नाही, चष्म्याचं नाव नाही. छान कोण, तर कंबर! आणि बाहुली पर्समध्ये टाकून निघाल्या तरातरा, डॉक्टरकडे न जाता घरी. मी मागून ओरडतेय, 'वन्सं, अजून पर्स व्हायचीय तिची!' छे! ऐकतंय कोण!

बरं, आता वाटलं, हॉलमध्ये तरी काही बोलतील. वाढदिवस झाला, सगळं गोत जमलं, वन्संनी माइक घेतला, बाहुली उंच धरली. मी पदर नीट केला, चेहरा जरा नम्र केला. म्हटलं, आता होऊन जाऊ दे कौतुक, हातात कला आहे, त्याला मी काय करू! आणि वन्सं माइकवरून सांगतात, 'ही माझी भावजय. हिच्या हाताला गुण आहे! माझी कंबर एका सुईत बरी केली!'

गुण! मी हिवाळाभर विणलं, दूध उतू घालून रंगवलं, नाकातला विचार लोकरीत आणला, आणि हिच्या हाताला गुण आहे! टाळ्या काय वाजल्या म्हणता! लोक रांग लावून माझ्याकडे यायला लागले. मला वाटलं, कला बघायला. तर कोणी खांदा दाखवतंय, कोणी मान दाखवतंय, एक गृहस्थ बूट काढायला लागले.

मी सगळ्यांना स्वच्छ सांगितलं. अहो, हा छंद आहे माझा, घरी बसून आनंदानं करायचा, यात औषधबिवषध काही नाही, त्या उडाल्या म्हणून कंबर जागेवर बसली. तर म्हणतात, 'बघा, किती साधेपणा!' आणि हे? हे बाजूला उभे राहून वेळा देतायत! 'सकाळी नको, सकाळी ती रंगवते.'

काल वन्संच्या एका मैत्रिणीचा फोन आला. म्हटलं, ही तरी विचारेल कुठली लोकर, कुठली सुई. म्हणाल्या, 'माझीही एक बाहुली करा ना.' मी खुश! म्हटलं, करते की, फोटो पाठवा, समोरून एक, बाजूनं एक, नाक नीट दिसायला हवं. तर म्हणतात, 'अहो, चेहऱ्याचं काही नाही हो, तो कसाही चालेल. गुडघे तेवढे नीट करा.'

मी डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला, सुई उचलली आणि विचारलं, 'दोन्ही दुखतात, की एकच?'