तापीतली माझी पहिली बुडी

त्या उन्हाळ्यात आमची केळी वाचली, पण ती मी वाचवली असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रकाशा गावाजवळ तापीच्या डोहात आमच्या पंपाचा फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, गाळात रुतला आणि पाणी बंद झालं. पुलाच्या कामावर मुंबईचा लॉरेन्स नावाचा पाणबुड्या होता. तो उतरायला तयार होता, पण त्याच्या श्वासाच्या यंत्रातला रबरी पडदा फाटला होता.

"हे मुंबईलाच दुरुस्त होतं," तो म्हणाला.

"एका रबरासाठी मुंबई? अहो, मी अख्खं ऑइल इंजिन खोलतो!" असं म्हणत मी सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून यंत्रात बसवला आणि काठावरच श्वास घेऊन दाखवला.

लॉरेन्सने शांतपणे हवेची टाकी माझ्याच पाठीवर बांधली. "मग पहिली बुडी तुम्हीच मारा, शेठ."

काठावर माझे वडील बापू आणि अर्धं गाव उभं. माघार कशी घेणार? कमरेइतक्या पाण्यात जाऊन मी खाली बसलो. पहिला श्वास आला. खुशीत मी पाण्याबाहेर हात हलवला. दुसऱ्या श्वासाला हवेऐवजी तापीच तोंडात आली. लॉरेन्सने दंडाला धरून मला बाहेर ओढलं. यंत्र त्याच दिवशी मुंबईला गेलं आणि नीट होऊन आल्यावर लॉरेन्सने एका बुडीत व्हॉल्व मोकळा केला.

पण त्या दिवशी काठावर बापूंनी घाबरून विचारलं होतं, "काय व्हयनं रे?"

नाकातून पाणी गळत असताना मी म्हणालो, "काही नही बापू, मशीन बराबर शे. फक्त पाणी जरा जास्ती येस."