मॅडमचं सरळ कपाट

सरळ काम करून नाव खराब झालेला एकच माणूस मला माहीत आहे, आमचा फ्रान्सिस. मूळचा वसईचा. मस्कतला आमच्या फर्निचर वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग तोच काढतो.

मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागात एक इंग्लिश मॅडम राहायच्या. इंग्लंडमध्ये त्यांचं शेतावरचं जुनं घर, चारशे वर्षांचं, सगळा सांगाडा लाकडी. तिथल्या स्वयंपाकघरासाठी त्यांनी आमच्याकडे कपाट सांगितलं. मापं स्वतः घेऊन आल्या. डावीकडची उंची एक, उजवीकडची भलतीच.

"टेप सरकली असणार," म्हणत फ्रान्सिसनं सगळं काटकोनात बसवलं.

मी म्हटलं, "अरे, एकदा विचार तरी त्यांना."

"विचारायचं काय? घर आहे ते, सूर बंदरातली होडी नाही कलायला."

आमचा मालक, अर्बाब, म्हणाला यल्ला, चला, आणि कपाट जहाजानं रवाना झालं.

मॅडम सुट्टीवर घरी गेल्या आणि तिथून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी फरशीवर लिंबू ठेवलं. ते घरंगळत थेट भिंतीला जाऊन टेकलं.

फ्रान्सिस म्हणाला, "मॅडम, तुमचं घर कललंय."

"माहीत आहे. म्हणून तर तशी मापं दिली होती."

अर्बाबचा चेहरा पडला. "म्हणजे कपाट परत?"

"नको, राहू दे. मी खाली पाचर घालून तपासलं, अगदी लेव्हलमध्ये आहे. फक्त येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, एवढ्या छान घरात हे वाकडं कपाट कुणी केलं?"

फ्रान्सिसनं हळूच विचारलं, "मग तुम्ही काय सांगता?"

"तुझं नाव."