स्कझी, आणि तीही घरात!

...नाही, पण घरच्या कॉम्प्युटरला कुणी असली डिस्क लावतं का हो? तुम्हाला सांगतो, नंदुरबारच्या राजेंद्रनं लावली! लग्नाचं शूटिंग करणारा तो. त्याचं एडिटिंगचं जुनं मशीन जळालं, आतली डिस्क तेवढी वाचली, आणि तिच्यात बहिणीचं, निशाचं लग्न. म्हणजे वारलेल्या वडिलांचा आवाज! दुसरीकडे कुठ्ठे नाही! आई तापीबाई रोज विचारणार, "कधी दखाडशी?"

पण डिस्क पडली स्कझी, म्हणजे मोठ्या स्टुडिओतल्या मशिनांची जुनी जात! त्याची बायको कामिनी म्हणते, "खाज? कुणाला?" अहो, स्कझी! साध्या कॉम्प्युटरला ती जोडायला जागाच नाही, मग सुरतेहून जुनं कार्ड मागवा, रुंद पट्टीची केबल मागवा, केबलच्या टोकाला टर्मिनेटर नावाचं बूच बसवा, नाहीतर डिस्क बाईसाहेब कॉम्प्युटरला दर्शनच देत नाहीत! बसवलं. तरी दिसेना! का? तर कार्डाचा आणि डिस्कचा नंबर एकच, कुणी कुणाला ओ द्यायची तेच कळेना... घरचा कॉम्प्युटर हो तो!

नंबर बदलला, बटण दाबलं, आणि... घूंऽऽऽ! कपाटावरचे डबे थरथरले! तापीबाई आतून ओरडल्या, "राजू, घरमा गिरणी लायी का रे?" डिस्क अशी तापली की राजेंद्रनं बोट लावलं आणि झटकलंच. कामिनीनं टेबलफॅन आणून तिच्यासमोर ठेवला. घरचा कॉम्प्युटर हो तो, त्याला वारा, आणि माणसं घामाघूम!

राजेंद्रनं घाईघाईनं सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं आणि लावलं एकदाचं. निशाची पाठवणी. आणि मांडवामागं वडील... रडतायत! उपरणं तोंडात कोंबून, हुंदक्यावर हुंदके! सगळे गारच! शूटिंग राजेंद्रचंच, पण लग्नाच्या धावपळीत साफ विसरलेला. आठवलं कधी? तर वडिलांनी कॅमेऱ्याकडं बघून दम भरला तेव्हा, "बंद कर ते! अन् तुन्ही मायले सांगू नको!"

आणि माय समोरच बसलेली!

तापीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "हाऊ माणूस मन्हासमोर कधी रडना नही..." आणि लगेच, "परत लाव."

काय सांगायचं... आता पाहुणा आला की पाणी नंतर, आधी पेनड्राइव्ह. बिचाऱ्यानं एका बाईला सांगू नको म्हटलं होतं, आता अख्ख्या गल्लीला पाठ आहे... आणि मीही तुम्हाला सांगूनच बसलो!