झिजलेल्या दाताला ‘का?’ विचारणारे डॉक्टर

वहिनी, आणि डॉक्टर माधवराव टोकेकरांसमोर कधी ना कधी तोंड उघडून बसलेल्या मंडळींनो,

रेल्वे वर्कशॉपच्या गेटवर युनियनच्या सभांत मी माईकशिवाय बोललो आहे. आज डॉक्टरांच्या शोकसभेत समोर माईक आहे, आणि मी तोच धरून उभा आहे. सांभाळून घ्या.

आपल्या झाँसीच्या रेल्वे कॉलनीत एक रीत पडली होती. रिटायर व्हायची वेळ आली, की माणूस सगळे दात काढून कवळी बसवून घ्यायचा. का? तर नोकरीत आहोत तोवर फुकट! दात हलत नसले तरी काय झालं? झिजलेत ना? मग काढा!

ही रीत डॉक्टरांनी मोडली. पुढच्या रांगेत दामोदर शिंदे बसले आहेत. त्यांच्या तोंडातले दात याला साक्षी आहेत.

दामोदर वर्कशॉपात गाड्यांची चाकं दुरुस्त करणाऱ्या शॉपमधले. दात झिजून निम्मे राहिलेले, गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. मीच त्यांना रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सगळे काढा. पावसाळ्यानंतर रिटायर होतोय."

डॉक्टरांनी चिमटा उचलला नाही. जबडा डावीउजवीकडे सरकवायला सांगितला. गालांवरचे स्नायू दाबून पाहिले. मग सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, शांताबाईंना विचारलं, "हे रात्री दात खातात का?"

"खातात? अहो, शेजारचे मिश्राजी विचारतात, भाभीजी, रात को आटा पीसती हो क्या?"

डॉक्टर खो खो हसले. मग म्हणाले, "दात काढले तरी जबडा दळायचं सोडणार नाही. कवळी मोडाल, आणि खालचं हाडही झिजवाल."

मी उसळलो. "डॉक्टर, कवळी हा कामगाराचा हक्क आहे!"

"मग दात राखायचा हक्क मागा की! उपटून घ्यायचा कसला हक्क मागता?"

मंडळी, सभांमधून मला पुष्कळांनी अडवलं. असं खाली कुणी बसवलं नाही.

मग ते दामोदरांकडे वळले. "तुमच्याकडे एका बाजूनं झिजलेलं चाक आलं, तर काय करता?"

"गेज लावून माप घेतो. का झिजलं ते बघतो. मग लेथवर कातून सारखं करतो."

"मग माझ्याकडेच एवढी घाई का?"

डॉक्टरांनी त्यांच्या दातांचा प्लास्टरचा साचा घेतला. रात्री दातांवर घालायला कडक प्लास्टिकची पट्टी दिली आणि घरी पाठवलं. पुढे काही महिने नुसती वाट पाहणं. वाट पाहणं हीसुद्धा चिकित्सा असते, हे मी तेव्हा शिकलो. तोवर दामोदर रिटायर झाले. कॉलनीत टोमणे सुरू झाले, "शिंदे भैया, नौकरी भी गई, कवळी भी गई!" ते घाबरले. डॉक्टर म्हणाले, "रिटायर तुम्ही झालात, मी नाही. लक्ष्मी गेटला माझं घर आहे. तिथे या."

दुसरा साचा घेतला, पहिल्याशेजारी ठेवला. झीज थांबली होती. तेव्हाच, हो, तेव्हाच त्यांनी एकेका दाताला कॅप बसवून उंची परत दिली. आज दामोदर स्वतःच्या दातांनी भाकरी खातात.

झिजलं की काढा, ही आपली सवय केवळ दातांपुरती आहे का? माणूस झिजला, काढा. का झिजला, कुणी विचारतं? डॉक्टर विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात उठत नसे. उद्या तुम्हाला कुणी म्हणेल, सगळे काढून टाकू. तेव्हा खुर्चीतून उठा, आणि विचारा, ‘का?’ आता आपल्याऐवजी विचारायला ते नाहीत.

आता मौन पाळू. दुःख आवरताना माणूस दात आवळतो. मीही या क्षणी आवळले आहेत. डॉक्टर असते तर इथंच रागावले असते. निघताना प्रत्येक पेशंटला ते एकच सांगायचे. आज तेवढं त्यांचं ऐकू.

उभे राहा. ओठ मिटा. दात सुटे राहू द्या.

रडू आलं, तर येऊ द्या.