पुड्यावरची अर्धी गोष्ट

"सूनबाई, अध्याय काढलास ना? मग तो संपल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही. प्रत्यक्ष देव दारात आला तरी म्हणायचं — बस रे बाबा जरा, एवढं वाचून होऊ दे!"

मंडळी, हा आवाज सुलभाच्या सासूबाईंचा. त्या जाऊन तीन वर्षं झाली, पण पोथी उघडली की सुलभाच्या कानाशी आवाज आलाच! आता मला सांगा — नेम खरा कुणाचा? जो वर्षानुवर्षं करतो त्याचा, की ज्याला तो मोडवत नाही त्याचा? उत्तराची घाई नको. आधी ऐका!

तालुक्याचं गाव. एस.टी. स्टँडच्या मागे दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत सुलभाचा नवरा दामोदर मशीनवर कपडे शिवतो, मागच्या खोलीत चूल आणि देव शेजारी-शेजारी. आणि लेक कावेरी — सात वर्षांची! आई आंघोळ करून पोथी वाचायला बसली, की ही तिच्या मांडीला मांडी लावून बसे. पोथीची अक्षरं कशी असतात? टपोरी, ठसठशीत! आईचं बोट पुढे, हिचे डोळे मागे. शाळेतल्या बाई अजून काना-मात्रेवर होत्या, तेव्हा ही घरी 'ब्रह्मांड' वाचून मोकळी!

एकदा पोरीने विचारलं, "आई, वाचताना तू मध्ये उठत का नाहीस?"

सुलभा म्हणाली, "आजीने सांगितलंय. वाचायला घेतलेलं अर्धं टाकू नये, बाळा."

झालं! आई बोलली पोथीबद्दल, लेकीने धरलं — छापलेल्या प्रत्येक कागदाबद्दल! साबणाचं वेष्टण हातात आलं, वाच शेवटपर्यंत. विजेचं बिल आलं, वाच मागच्या बारीक अक्षरातल्या सूचनांसकट! अहो, त्या सूचना आपल्यापैकी कुणी वाचल्यात का? पेटीवाले काका मान हलवताहेत बघा — नाही म्हणून! कोथिंबीर आणायला पाठवावी, तर ही सर्कशीच्या पोस्टरपुढे उभी. दामोदर हाका मारून दमायचा. "येते बाबा, एकच ओळ राहिली!"

असाच एक शुक्रवार. शाळेला सुट्टी. सुलभाचा एकवेळ जेवायचा नेम — दुपारी आरती करायची, गूळ-फुटाण्याचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिला घास. वाण्याकडून फुटाण्याचा पुडा आला. कावेरीने फुटाणे वाटीत ओतले, कागद मांडीवर सरळ केला. मुलांच्या कुठल्याशा मासिकाचं पान! एक मुलगी शेळ्या राखतेय. तिचं करडू कोरड्या विहिरीत पडलं. मुलीने ओढणीला ओढणी बांधली, काठावरच्या झाडाला अडकवली, आत उतरली. करडू कडेवर घेतलं. वर पाहते तो काय — गाठ सुटत चाललेली! आणि...

आणि पान फाटलेलं!

"आई, पुढे?"

"पुढे काय? दुसऱ्या कुणाच्या पुड्यावर गेलं असेल. ऊठ, पानं घे."

"मी कशी उठू? अर्धं राहिलंय."

आरती झाली, नैवेद्य झाला, ताटं मांडली. पोर जागची हलेना! रडणं नाही, आदळआपट नाही. कागद मांडीवर, हात कागदावर.

दामोदर गळ्यात टेप घेऊन आत आला. "काय चाललंय? भात गार होतोय!" सुलभाने सांगितलं. तो खाली बसला, शहाणपणाने म्हणाला, "कावू, ऐक. गाठ सुटली नाही, करडू वर आलं, सगळे घरी गेले. संपली गोष्ट! चल."

पोरीने बापाकडे बघितलं. "बाबा, हे तुम्ही वाचलं नाहीत. हे तुम्ही सांगितलंत."

शिंप्याचं माप चुकलं होतं, मंडळी!

मग मात्र सुलभाचा आवाज चढला. "अगं, तो नेम पोथीचा! वाण्याच्या पुड्याला कसला आलाय नेम? सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. उठतेस की नाही?"

तेव्हा ती पोर हळूच म्हणाली, "सकाळी तू उठलीस, आई. मावशीचा फोन आला तेव्हा. मग तू तिकडेच बोलत बसलीस. अध्यायाच्या सात ओव्या राहिल्या होत्या."

सुलभाच्या हातातली पळी तशीच राहिली. खरंच की! बहिणीच्या घरचं लग्न, साड्यांची बोलणी... ती पाटाकडे परत गेलीच नव्हती. अकरा वर्षांचा नेम, आणि मोडला तेव्हा कळलंसुद्धा नाही!

"मग गं?" तिने विचारलं.

"मग काही नाही. मी वाचल्या. तुझ्या वाटच्या. मोठ्याने वाचल्या, देवाला ऐकू जावं म्हणून."

मंडळी, जरा थांबूया. हाताने जपाची माळ ओढतो आणि डोळा फोनवर असतो, असे इथे कितीजण? मी हात वर करायला सांगणार नाही — माझाच आधी वर जाईल! आपण मुलांना म्हणतो, वाच रे, वाच गं. ती वाचायला लागतात. पण वाचताना बघत असतात आपल्याकडे! आपण काय अर्धं टाकून उठतो, तेही त्यांनी वाचलेलं असतं. घरी जाल तेव्हा बघा — तुमचं पोर काही वाचत बसलंय का? बसलं असेल, तर भाजी पाच मिनिटांनी आणा. नसेल बसलं, तर आधी आपण बसा!

सुलभा लेकीसमोर बसली. "कावू, आजारपणात एकाचा नेम दुसऱ्याने चालवलेला चालतो की नाही? तू माझ्या ओव्या वाचल्यास. आता तुझी गोष्ट माझ्याकडे दे. उरलेली मी शोधून आणते."

"सापडली नाही तर?"

"तर उद्या पुन्हा जाईन. पण तू आता जेव."

"आणि तू?"

"मी आल्यावर."

पोरीने कागद आईच्या हातात दिला. दामोदरने भात कालवून पुढे ठेवला, तेव्हा कुठे तिने पहिला घास घेतला.

सुलभाने आपल्या ताटावर ताट पालथं घातलं. कागद घडी करून पदरात धरला, चपला पायात सरकवल्या. बाहेर रणरणतं ऊन. वाण्याच्या दुकानात रद्दीची चळत छातीएवढी! पोरीचं जेवण मोडू नये म्हणून तिने दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि ती चालू लागली.